लहानूमामा आणि बसकी गाडी

लहानूमामांच्या शेडात गाडी नेली की गाडीखाली झोपायचं काम मामांचं नसे, गाडीवाल्याचं असे. मामा एक पोतं जमिनीवर अंथरत, स्वतः स्टुलावर बसत आणि म्हणत, "जावा आत. कान लावा आन् मला सांगा, आवाज कसा येतोय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. जन्मभर ग्रामसेवकाची नोकरी केलेली. लोकांनी माझ्या टेबलासमोर वाकावं याची मला सवय, मी कुणापुढे वाकावं याची नाही. मी म्हणालो, "मामा, मेकॅनिक तुम्ही की मी?" ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "गाडी कुणाची हाय?" सदऱ्यासकट आत गेलो.

ती गाडी घ्यायचा शहाणपणा मी निवृत्तीनंतर केला होता. माझी बायको मालती पाठीच्या दुखण्याने बेजार असायची. कुठे फिरायला जाऊ म्हटलं की म्हणायची, "धक्के न बसणारी गाडी आणा, मग येते." तशी गाडी मला सापडली ती मालती गेल्यावर वर्षभराने. पुण्यातल्या एका हौशी माणसाने आपल्या व्हॅनला मागच्या बाजूला स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला रबरी फुगे बसवून घेतले होते. बटण दाबलं की लहानसा कॉम्प्रेसर घरघरायचा, नळ्यांमधून फुग्यांत हवा जायची आणि गाडी अलगद वर उठायची. मग खड्ड्यातून नेली तरी पोटातलं पाणी हलायचं नाही. शेजारच्या सीटवर बसायला कोणी उरलं नव्हतं, तरी मी ती घेतली. का घेतली, असं मुलाने परदेशातून फोनवर तीनदा विचारलं. मला नीट सांगता आलं नाही.

गाडी मंचरला माझ्या दारात आली आणि दुसऱ्याच सकाळी मागून डाव्या अंगाला बसली. थकलेला बैल बसतो तशी. शेजारचे एकजण दात घासत बाहेर आले आणि म्हणाले, "काय भाऊसाहेब, गाडी नमस्कार करती का काय तुमाला?" मी बटण दाबलं, गाडी उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलेली. पुन्हा बटण. असं आठवडाभर केलं आणि एके दिवशी कॉम्प्रेसरमधून जळका वास आला. मग मी स्वतःच दुरुस्तीला लागलो. एक नळी जुनी दिसत होती, तीच गुन्हेगार ठरवली आणि तिच्या जागी नवी बसवली. त्यानंतर गाडी सकाळपर्यंतही थांबेना, तासाभरातच बसायला लागली. टायरवाल्याला माझी दया आली. तो म्हणाला, "निमगाव सावाला लहानूमामा हायेत. बस डेपोत उभा जन्म हवेच्या ब्रेकवर काढलाय त्यांनी. जरा अकडू हायेत, पण हवेतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत न्हाई."

अकडू का, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मामांशी मागून बोललेलं चालत नसे. "माझ्याशी बोलायचं तर म्होरं या. पाठीमागून हाका मारायला मी काय ढोर हाय?" असं ते भल्याभल्यांना सुनवत. अंगात खाकी शर्ट, रोज दाढी केलेली. शेडात पान्हे मापाप्रमाणे ओळीने टांगलेले आणि त्यांच्या वर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजं फूल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सुनंदा लग्न होऊन पिंपरीला होती. शेडाच्याच मागे एका खोलीत मामा एकटे राहत.

तर मी गाडीखाली झोपलो होतो. वरून मामांनी विचारलं, "कसा आवाज?"

"सूं असा येतोय," मी ओरडलो.

"भाईर या आन् मग सांगा."

मी सरपटत बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर बसून पुन्हा सांगितलं. मामा म्हणाले, "सूं म्हंजे कसा? दूध उतू जाताना व्हतो तसा, का सायकलची हवा सोडल्यावानी? एकसारखा का मधीच थांबून?" दूध उतू जाण्याच्या आवाजाचा मी कधी विचार केला नव्हता, ते खातं मालतीचं. पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. एकसारखा आहे, बारीक आहे, डाव्या फुग्याच्या वरून येतोय, असं सांगितल्यावर मामा उठले. साबणाचं पाणी आणि ब्रश घेतला आणि नेमका त्या सांध्यावर फिरवला. बघता बघता तिथे फेसाचा डोंगर उभा राहिला. मी बसवलेल्याच नळीचा तो सांधा होता. मामांनी नळी उपसून तिचं तोंड न्याहाळलं.

"हे कशानं कापलंय?"

"विळीने," मी म्हणालो.

"भेंडी चिरली का काय, भाऊसाहेब?" आणि मामा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. नळीचं तोंड तिरकं कापलं की सांध्यातल्या रबरी कडीला ते एकाच अंगाने टेकतं आणि दुसऱ्या अंगाने हवा निघून जाते. धारदार पात्याने सरळ कापायचं आणि पार आत टेकेपर्यंत दाबायचं. माझ्याकडून त्यांनी सहा तुकडे कापून घेतले. पाच फेकले, सहावा बसवला.

गाडीच्या तक्रारी एवढ्यावर संपल्या नाहीत. पहिल्या मालकाने दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले होते. त्यामुळे वळणावर एका फुग्यातली हवा दुसऱ्यात पळायची आणि गाडी भलतीच कलायची. मामांनी दोन्हींची वाट वेगळी करायला लावली. पुढे उजवा फुगा एका लोखंडी पट्टीला घासत असल्याचं निघालं. प्रत्येक वेळी गाडीखाली मी आणि स्टुलावर मामा. "गाडी सकाळी बगावी. भरून ठिवली, कुणी हात लावला न्हाई, तरी बसली, तर मग ती खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "फेस आला तरच मी मानतो. कानाचं काय, कान कायबी सांगतो." हे म्हणायचं आणि मला मात्र कान लावायला आत पाठवायचं. मला वाटे, काय शिकवायची पद्धत आहे! नवख्याला त्याच्याच कानांनी शिकू देणारा गुरू मिळाला, म्हणून मी मंचरभर त्यांचे गोडवे गात होतो.

खरं सांगायचं तर तीन आठवड्यांत गाडी ठीक झाली होती. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी निमगाव सावाला जातच राहिलो. कधी गेज कमी दाखवतंय म्हणून, कधी नट कुरकुरतोय म्हणून. मामांना ही निमित्तं कळत असणार. ते चहा ठेवत आणि मी बोलत बसे. मालतीचं आजारपण, शेवटचे पंधरा दिवस, दवाखान्यातून परत येताना रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिने घट्ट धरलेला माझा हात. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. मामा मधे बोलत नसत, इकडेतिकडे बघत नसत. माझ्या तोंडावरची नजर त्यांनी एकदाही हलवली नाही. मालती गेल्यापासून माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी दिवा लावे तेव्हा घर थोडं कमी रिकामं वाटे.

त्यांनी स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे एकच. "पोरगी म्हणती, आप्पा, शेड बंद करा आन् माझ्याकडं या. तिचं बरुबर हाय, लई जीव हाय तिचा. पण भाऊसाहेब, हितं मला लोक इचारत येत्यात. तिथं मी नुसता म्हातारा. हात चालत्यात तवर मला हितनं कुणी हलवू नये, एवढंच मागणं हाय." दर रविवारी ते मुलीला फोन लावत. एका रविवारी गेलो होतो तेव्हा त्यांना तो फोन करताना मी पाहिलं होतं. "मी बरा हाय, जेवलोय, काळजी करू नगंस, ठिवतो," एवढं एका दमात म्हणून त्यांनी फोन बंद केला. पलीकडच्या बाजूला बोलायला जागाच ठेवली नाही. मी मनात म्हटलं, म्हातारा खरंच अकडू आहे.

मग तो शुक्रवार आला. मामा माझ्याकडे पाठ करून पान्हे पुसत होते. माझ्याजवळच्या फळीवर त्यांचा फोन वाजला. चांगला मोठ्ठा, फळी थरथरेल असा. मामा पुसतच राहिले. "मामा, फोन," मी म्हणालो. काही नाही. "मामा!" मी ओरडलो. हातातला पान्हा खुंटीला लावून त्यांनी शांतपणे दुसरा घेतला.

त्या क्षणी सगळं माझ्या ध्यानात आलं. समोर या, बाहेर येऊन सांगा, दूध उतू जातंय का सायकलची हवा सुटतेय. गाडीखाली मला पाठवत ते मला शिकवण्यासाठी नव्हे. आवाज ऐकायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरे कान नव्हते.

फोन पुन्हा वाजला आणि मी तो उचलला. पलीकडे सुनंदा होती. मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिला रडूच फुटलं. "आप्पा माझा फोन घेतच नाहीत हो. रविवारी करतात, पण माझं एक अक्षर ऐकत नाहीत. माझ्यावर रागावलेत का? तुम्हाला काही बोलले का?" आता रडणाऱ्या लेकीला काय सांगावं? खोटं सांगवेना, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "राग नाही गं बाई. त्यांना ऐकू येत नाही." ती कितीतरी वेळ "अरे देवा, अरे देवा" म्हणत राहिली. बापलेकीतली अढी मी एका वाक्यात काढली, असं मला वाटलं. मी स्वतःवर खूश होतो; लागला तर असावा म्हणून माझा नंबरही तिला दिला.

मामा वळले, तेव्हा फोन माझ्या हातात होता. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. "कुणाचा व्हता?"

"सुनंदाचा. खुशाली विचारत होती," मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं. याच्यापुढचं सांगितलं नाही. तेवढं धाडस मला झालं नाही.

रविवारी सकाळी सुनंदाचाच मला फोन आला. उपकार मानत होती. "आजच घेऊन चाललोय त्यांना. गाडीखाली काम करताना जॅक घसरला आणि कोणी ओरडलं, तर त्यांना कळणार तरी का? मला तर विचार करूनच झोप नाही." तिचं काही चुकत नव्हतं. मी तसाच निघालो. पोहोचलो तेव्हा शेडाला कुलूप लागलं होतं आणि मामा जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर बुद्धाची तसबीर धरून. मी त्यांच्या खिडकीपाशी उभा राहिलो. त्यांनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघितलं, मी काय बोलतो याची वाट बघत. गाडी गेली.

माझी व्हॅन त्यानंतर एकदाही बसली नाही. रोज सकाळी दारात सरळ उभी असे. मला ती बघवत नसे. मंगळवार यायचा, शुक्रवार यायचा, आणि जायला कुठे ठिकाण नसायचं. माझ्या बोलण्याकडे बघणारं माणूस मी माझ्याच हाताने घालवलं होतं.

मामा पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. त्याआधी एकदाच मी पिंपरीला जाऊन आलो. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते खुर्चीत बसले होते, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, कानात नवं यंत्र. सुनंदा कामावर निघत होती. "आता सगळं छान ऐकू येतं त्यांना," ती कौतुकाने म्हणाली आणि दार ओढून गेली.

"येतं खरं," मामा म्हणाले. "लिफ्टचं दार ऐकू येतं, शेजारचा मिक्सर ऐकू येतो, वरच्या मजल्यावरचं भांडाण ऐकू येतं. माझ्याशी बोलायचं मातर कुणाला काय नसतं."

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. म्हटलं, "मामा, सुनंदाला मी सांगितलं होतं. त्या दिवशी फोनवर. माझं चुकलं."

मामांनी मान हलवली. त्यांना ते केव्हाच कळलेलं होतं. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"खोटं कुटं बोलला तुमी? खरंच सांगितलं. पोरीचाबी जीव थाऱ्यावर आला." मग खालच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "पर आदी मला इचारायचं व्हतं, भाऊसाहेब. मी तितंच व्हतो की."