बालाघाटची सून

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि तात्यापाऱ्यात, आमच्या मराठी मोहल्ल्यात, जो तो घरावर मजला चढवायला लागला. भोपाळहून साहेब लोक येणार, त्यांना घरं लागणार, हा हिशोब सगळ्यांनी एकदमच केला. आमच्या शेजारच्या अनंतरावांनीही केला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर होताना हाती आलेला पैसा त्यांनी गच्चीवरच्या दोन खोल्यांत घातला. साहेब लोकांना सरकारी बंगले मिळाले. अनंतरावांना भाडेकरू मिळाले.

पहिला पहाटे तबला बडवायचा. दुसरा जाताना छताचा पंखा घेऊन गेला. मग दोन सडे पोट्टे आले, त्यांनी गच्चीवर कोंबडी शिजवली. तेव्हापासून नियम झाला: "फॅमिली असन तरच." खोली बघायला कोणी आलं की अनंतराव पार्सलच्या खिडकीतून विचारावं तसं विचारायचे, "नाव? गाव? सामान किती? फॅमिली कुठी आहे?"

अभिनव नव्या मंत्रालयात नुकताच लागलेला बाबू. काडीसारखा बारीक, गोंदियाकडचा मराठी, पण उत्तर हिंदीत. "फॅमिली है ना अंकलजी. मायके गई है, बालाघाट. दिवाली बाद आएगी."

दिवाळी झाली. अनंतरावांच्या बायकोनं, मंदाकिनीकाकूंनी, त्याला जिन्यातच धरलं. "काहून रे, सूनबाई कधी येते?"

"आंटी, वो... डॉक्टर ने सफर मना किया है."

हे वाक्य तोंडातून कसं निघालं, त्याचं त्यालाही कळलं नसावं. काकूंना मात्र जे कळायचं ते लगेच कळलं. त्यांचा मुलगा शेखर पुण्याला. नातवंडाचा विषय काढला की त्याची हमखास मीटिंग सुरू होते. काकूंनी मऊ झालेल्या सुती साड्या ट्रंकेतून काढल्या आणि दुपटी शिवायला घेतली. डिंकाचे लाडू वळले. शनिवारी अभिनव डबा घेऊन निघायचा आणि सोमवारी रिकामा डबा आणायचा.

"पोटुशी ती, अन् पोट याचं सुटून राहिलं," अनंतराव म्हणाले. पण पुढचा विचार त्यांनी केला नाही.

काकूंच्या हिशोबानं दिवस भरले. रोज विचारून विचारून त्यांनी त्या गरिबाला बेजार केलं, तेव्हा एका सकाळी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "हो गई आंटी. लड़की."

अनंतरावांनी सदर बाजारातून बर्फी आणली आणि अख्ख्या पाऱ्यात वाटली. "आमच्या वरच्या खोल्यांत लक्ष्मी आली!" मला दोन वड्या मिळाल्या. संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बारशाले आम्ही दोघंही येतो. बालाघाटची बस कोठून सुटते रे?"

अभिनव जिन्यातच बसला. "आंटी, शादी ही नहीं हुई."

आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे, सगळं ऐकू येतं. अनंतराव कडाडले. "मी कोपऱ्यावरच्या सराफापर्यंत बर्फी वाटली रे! आता काय सांगू लोकाइले? पोरगी वापस गेली?"

"कितने घर देखे अंकलजी. सब फॅमिली पूछते थे. कहाँ से लाता?"

"महिना संपला की खोली खाली!"

काकूंनी दुपट्यांच्या घड्या केल्या आणि ट्रंकेत परत ठेवल्या. अभिनव येता-जाता मान खाली घालून थांबायचा. "आंटी, बी.पी. की गोली ली?" काकू आत निघून जायच्या. पण गोळी घ्यायच्या.

महिनाअखेरीस भिलाईचं एक कुटुंब खोल्या बघायला आलं. नवरा बँकेत, बायको, दोन लेकरं. अनंतराव खूश. "असली फॅमिली! मोजून घे!" काकू दाखवायला वर गेल्या.

"उन्हाळ्यात छत असं तापते, पापड भाजून घ्या," काकू सांगत होत्या.

"पानी आता है ना, आंटी?"

"चढते कधीमधी. त्याचा मूड असला तर. अन् माकडं येतात. लेकरं लहान आहेत ना तुमची? हव, येतात."

असली फॅमिली दोन दोन पायऱ्या सोडत उतरली.

अनंतराव कमरेवर हात ठेवून उभे. "आपल्या गच्चीवर माकड कधी आलं होतं?"

"येईन ना एखादं."

"तू खोली भाड्यानं देऊन राहिली का लोकाइले हाकलून राहिली?"

"काही म्हणा. शेखर दिवाळीले विचारते माझं बी.पी. हा रोज विचारते."

"खोटं बोलला तो!"

"हव, बोलला. मलेही लागलं. पण खरं बोलला असता तर तुम्ही दारात तरी उभा केला असता का?"

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग सांग त्याले, राह्य म्हणा."

"तुम्ही काढलं, तुम्हीच ठेवा."

अनंतराव वर गेले. अभिनव वळकटी बांधत होता. अनंतराव दारात उभे राहिले, खाकरले, इकडेतिकडे पाहिलं.

"दोरी कोणाची?"

"आपकी, अंकलजी. लौटा दूँगा."

"मले आत्ताच पाहिजे."

अभिनवनं गाठ सोडली. गादी भस्सकन पसरली. अनंतराव दोरी कोपरावर सावकाश गुंडाळत राहिले.

"आता कसं बांधशील?"

"सदर से नई ले आता हूँ."

"अबे गधा! कोणी सांगितलं आणाले?"

अनंतरावांनी दोरी काखेत मारली आणि गादी पायानं परत जागेवर सारली. खालून काकू ओरडल्या, "अहो, वाढलं आहे! दोघंही उतरा!"