घंट्यांचा माउथ ऑर्गन

मला जुने माउथ ऑर्गन जमवायचं खूळ आहे. एक करंगळीएवढा, गळ्यात अडकवायचा. एक सहा बाजूंचा, चक्रासारखा फिरवत वाजवायचा. घरचे नाकं मुरडतात. मुरडू देत, हौसेला मोल नसतं.

पण जीव अडकलाय तो एकातच, बाबांच्या. त्याच्यावर दोन पितळी घंट्या आहेत, बोटानं दाबल्या की किणकिणणाऱ्या. तसा दुसरा मी अजून पाहिलेला नाही. घाटंजीच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी बाबा दार लोटून तो वाजवायचे. त्या सुरात विहिरीच्या पाण्यावर ऊन हलतं तशी थरथर असायची. मी पालथी पडून ऐकता ऐकता झोपायची. जाग आली की सूर खरंच चालू आहे की स्वप्नातून येतोय, ते बराच वेळ कळायचं नाही. अजूनही कधी कधी कळत नाही.

बाबा गेल्यावर कितीतरी वर्षं तो मऊ कापडात गुंडाळून कपाटात होता. जमवणारी माणसं वाजवत नाहीत, जपतात. मागच्या वर्षी हळूच फुंकून पाहिला, तर मधला एक सूर मुका. पुढे फुंकायचा धीरच झाला नाही. तेवढा बोलता करायला मी तो बोरी अरबला नेला, पेट्या दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे. भजनवाल्यांच्या असोत की कव्वालांच्या, आसपासच्या साऱ्या पेट्या त्यांच्याच हातून सुरात येतात.

आठ दिवसांनी गेले, तर चाचा वाटच बघत होते.

"बेटा, एका सुराचं काय घेऊन बसली? याचे सारेच बिघडले होते. दर सुराले दोन-दोन पात्या, अन् दोघीच्या सुरात जरासा फरक! चार दिस घासून घासून एक करून टाकल्या. आता वाजवून पाय."

मी फुंकलं. स्वच्छ, सरळ सूर आला. थरथर गेली होती.

"चाचा, तो फरक मुद्दामच ठेवतात! त्यानंच सूर हलतो. माझ्या बाबांचा सूर होता तो!" मी नको तितकी ओरडले आणि मग रडूच फुटलं. जन्मभर बेसूर हुडकून काढणाऱ्या माणसाला हे कसं कळावं? आधी सांगायचं मलाच सुचलं नव्हतं.

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. मग त्यांनी बाजा माझ्याकडून घेतला.

"रडू नको. फरक पुन्हा पाडून देतो. पण किती पाडू, थे तुलेच सांगा लागन. सूर हळू हलत होता का जलद? हातानं दाखव."

मी हात वर केला, डोळे मिटले. फरशीचा गारवा आठवला, बाबांचे फुगलेले गाल आठवले, मानेवरचा घाम आठवला. चाचा माझ्या हाताकडे बघत थांबले होते. हात हलेना.