घडी न होणारी कमान

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. तिथे सगळे तिला घडीबाईच म्हणायचे, आणि तिला त्याचा रागही नव्हता. चारही कोपरे एकावर एक बसले नाहीत तर ती पुन्हा उलगडून पहिल्यापासून सुरू करायची. घरीही तोच खाक्या. नवऱ्याचा रुमालसुद्धा चौकोनीच खिशात गेला पाहिजे. नवरा म्हणजे गरीब गाय. जन्मभर त्याने तिचं ऐकलं.

नोकरी संपल्यावर दोघं गावाबाहेर उतारावर घर बांधून राहिली. खाली घर आणि अंगण, मागे चढत गेलेली दीड एकर जमीन. गवत असं माजायचं की आठ दिवस दुर्लक्ष केलं तर पायवाट गडप. नवरा शेजाऱ्याचा छोटा ट्रॅक्टर मागून आणायचा आणि गवत कापायचा. दीड वर्षापूर्वी तो ट्रॅक्टर त्याच उतारावर आडवा वळवताना उलटला आणि नवरा खाली सापडून जागीच गेला. ट्रॅक्टरच्या सीटमागे एक लोखंडी कमान असते. गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची कमान दुमडता यायची, आणि त्या दिवशी ती दुमडलेलीच होती.

"दादा पहिल्यापासूनच निष्काळजी," धाकटा दीर भरल्या घरात म्हणाला होता. "पट्टा नाही, कमान नाही. जीव काय नकोसा झाला होता?" जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. घडीबाई खाली मान घालून बसून होती. लोकांना वाटलं, दुःखाने बसलीय.

आता गवत खिडकीपर्यंत आलं होतं. तिचे गुडघे गेलेले. दीर बसचा ड्रायव्हर, बोलायला फटकळ, पण मनाचा मोकळा. त्याने सरळ सांगितलं, "वहिनी, एक तर आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला या. नाहीतर स्वतःचा ट्रॅक्टर घ्या, सुट्टीच्या दिवशी येऊन मी फिरवत जाईन." ती मागची खोली तिने बघितली होती. खिडकी उघडली की हातभरावर शेजारची भिंत. तिने ट्रॅक्टर म्हटलं. दीर आला नाही तर ट्रॅक्टर नुसता उभा राहणार आणि आपली रवानगी त्या खोलीत होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे सगळी मदार त्याच्यावर.

दोघं ट्रॅक्टरच्या दुकानात गेली. दुकानदार बोलण्यात पटाईत होता. आधी त्याने एक उंच, देखणा ट्रॅक्टर दाखवला. दिराने वाकून चाकांमधलं अंतर बघितलं आणि नाक मुरडलं.

"हा उतारावर डुलेल. चाकं केवढी जवळ आहेत. ताकद गेली खड्ड्यात, मला बसका पाहिजे, रुंद पाहिजे, आणि चारही चाकांनी ओढणारा पाहिजे."

"मग हा घ्या साहेब." दुकानदार पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला. "बसका, रुंद, पुढे वजनं लावलेली. आणि कमान बघा. दोन पिना काढायच्या की झाली घडी. बुटक्या शेडमध्येसुद्धा जातो."

दीर खूष झाला. "हाच घेऊ वहिनी. तुमच्या शेडचं दार तसंही बुटकं आहे."

घडीबाई कोपऱ्यातल्या तिसऱ्या ट्रॅक्टरकडे बघत होती. असाच बसका, पण गेल्या वर्षीचा, उन्हाने रंग विटलेला. तिने जवळ जाऊन त्याची कमान दोन्ही हातांनी हलवून बघितली. हलली नाही.

"हा द्या."

"त्याची कमान पक्की आहे बाई. दुमडत नाही."

"म्हणूनच."

"अहो, पण ठेवणार कुठे?" दीर म्हणाला.

"बाहेर राहील. ताडपत्री घालू."

दिराला हसू आलं. "वहिनी, घाबरू नका. पिना लावायला विसरायला मी काय दादा आहे?"

तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसली. दीड वर्ष हे वाक्य ती ऐकत आली होती, आणि आज ते तिला गिळवेना. आपण काय गमावून बसू शकतो हे कळत होतं, तरी ती बोलली.

"भाऊजी, कमान त्यांनी माझ्यासाठी खाली केली होती."

"म्हणजे?"

"अंगणात माझी कपड्यांची दोरी होती. एकदा ती कमानीत अडकून तुटली. आठ चादरी चिखलात. दोन दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ताट वाढायचे आणि उठून जायचे. मग ते अंगणात शिरायच्या आधी कमान दुमडायला लागले. दोरीखालून वाकून जायचे, आणि मागे चढाला लागले की उभी करायचे. त्या पिनांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा."

दुकानदाराने माहितीपत्रकात डोकं खुपसलं.

"त्या दिवशी खाली केल्याचा आवाज आला," ती म्हणाली. "वर केल्याचा आला नाही. मी चहा गाळत होते. म्हटलं, करतील."

"मी आलो तेव्हा अंगणात दोरी नव्हती."

"तुम्ही यायच्या आधी काढून ठेवली."

दीर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मग विचारलं, "आणि सगळ्यांसमोर मी दादाला निष्काळजी म्हणालो, तेव्हा?"

"गप्प बसले."

त्याने पक्क्या कमानीच्या ट्रॅक्टरचे कागद भरले. परतीच्या बसमध्ये तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. तिला स्टॉपवर सोडताना नेहमी "येतो वहिनी" म्हणायचा, ते म्हणाला नाही. आठ दिवस फोन नाही. तिने मनाची तयारी केली. दोन ट्रंका काढून पुसूनही ठेवल्या.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी मात्र तो सकाळीच हजर झाला. चहाला नको म्हणाला. तेल बघितलं, चाकांचे नट घट्ट केले, पट्टा दोनदा ओढून बघितला. मग ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध आणून बंद केला आणि खाली उतरला.

"दोरी कुठाय?"

कपाटात गरम पांघरुणांच्या खाली होती. तिने वेटोळं आणून त्याच्या हातात दिलं. वेटोळंसुद्धा कसं अगदी नीट, चिमटे अजून लावलेले. एक टोक त्याने भिंतीतल्या हुकाला बांधलं, दुसरं तुतीच्या खोडातल्या खिळ्याला. दोरी ताणली तशी ती कमानीला येऊन टेकली. कमानीचा वरचा दांडा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कमानीएवढाच, दोरीहून उंच होता. दिराने दोरीपासून दांड्यापर्यंत बोटं फाकून धरली. अंगठा दोरीवर, करंगळी दांड्यावर.

"वीतभर," तो म्हणाला. "वहिनी, वीतभर वर बांधली असती तर?"

"हात पोचला नसता माझा."

स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं लाकडी स्टूल होतं, कायम तिथेच असणारं. दोघांनीही ते बघितलं.

"स्टूल होतं की," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही.

"होतं," ती म्हणाली.

त्याने दोरी सोडली, गुंडाळली कशीतरी आणि तिच्या हातात दिली. वर चढून बसला, पट्टा लावला, आणि एकदाही मागे न बघता ट्रॅक्टर सरळ चढावर घातला. घडीबाई हातात तो गुंता घेऊन स्वयंपाकघरात गेली. आज तिने चहा ठेवला नाही. इंजिनचा आवाज खाली येईपर्यंत ती कान देऊन उभी राहिली.