खिळे मारलेला शंकू

पारनेर तालुक्यातल्या माझ्या शाळेत भूमिती शिकवण्यासाठी लाकडी नमुने होते: घन, वृत्तचिती, गोल आणि एक शंकू. शंकूचे टोक खुंटीवर बसवलेले होते. दहावीला आमच्या सरांनी ते उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "खाली उरला तो शंकूछेद." व्याख्या कोणाला पाठ करावी लागली नाही.

आता मी बातमीदार आहे. गेल्या खंडेनवमीला तिथल्या मुख्याध्यापकांनी मला पूजेच्या बातमीसाठी बोलावले. त्या दिवशी शेतात औजारे पुजतात, नागापूरच्या कारखान्यांत यंत्रे पुजतात. ही शाळा नमुने पुजते. एरवी ते कपाटात बंद असतात.

ऑफिसच्या टेबलावर ते मांडले होते. मागच्या वर्षांचे तेल आणि हळदकुंकू न पुसताच वरून गुलाबी ऑइलपेंट मारला होता. रंगाखाली जागोजागी गुठळ्या होत्या, एकीत झुरळाचा पाय रुतला होता. गोलावरून ओघळलेल्या नारळाच्या पाण्याला मुंग्या लागल्या होत्या.

गणिताच्या बाई यंदाच आल्या होत्या. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले, "सर, सुट्टीनंतर शंकू दहावीला नेऊ का? मुलं सूत्र म्हणतात, पण शंकूछेद म्हणजे काय ते त्यांना दिसत नाही."

"मॅडम, पूजेची वस्तू आहे ती. पोरं टोक हरवतील."

"आता न्हाई हरवत," शिपाई म्हणाला. "रंगाच्या आदी खिळे मारलेत. सरांनीच सांगितलं हुतं."

"बघा," मुख्याध्यापक म्हणाले. "आता पैलवान आणला तरी निघायचं नाही."

बाईंनी तरीही शंकू पोटाशी धरून टोक पिळून पाहिले. ते हलले नाही. त्यांचे तळहात तेलाने आणि कुंकवाने माखले.

"हात पुसा आणि फोटोत या," मुख्याध्यापक म्हणाले.

"राहू द्या की, सर," दाराशी उभे असलेले एक शिक्षक म्हणाले. "मॅडमनीच सगळी पूजा केली असं वाटंल." दोघे-तिघे हसले. बाई फोटोत आल्या नाहीत.

मग वर्गांना रांगेने दर्शनाला आणले. दहावीची एक मुलगी शंकूपाशी थांबली. तिने वाकून सगळीकडून पाहिले.

"मॅडम, ह्यालाच का तुमी उघडून दाखवणार हुता?"

"हो," बाई म्हणाल्या. "फूल वाहा आणि पुढे हो."