मल्लिनाथचा पांढरा ध्रुव

मल्लिनाथने आजवर पाहिलेला सगळा बर्फ उसाच्या रसातला. तरी चाकूरच्या गच्चीवर बसून तो दक्षिण ध्रुवावर चालणारा रोबोट करतो. मी मराठी घेऊन बीए झालो. तो समजावतो, मी मान हलवतो.

अडचण मात्र मला कळली. रोबोट कॅमेऱ्याने खुणा बघत चालतो. बर्फावर सगळंच पांढरं. खूणच नसली की आपण कुठे आलो, हे त्याला समजत नाही.

एका संस्थेला व्हिडिओ पाठवायचा होता. पसंत पडला तर नोकरी. अट एकच, रोबोटने पांढऱ्यावरून आपला आपण पलीकडे जायचं. वडिलांच्या पूजासाहित्याच्या दुकानातून मल्लिनाथने रांगोळीची पोती उचलली आणि गच्चीभर पसरली.

आठवडाभर रोबोट भरकटला. एकदा पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळला. “बघून चाला, अण्णा,” मल्लिनाथ त्याला म्हणाला.

शेवटच्या दिवशी सकाळी तो सरळ पलीकडे गेला. मी टाळ्या वाजवल्या. मल्लिनाथ मात्र खाली वाकला होता. रांगोळीवर पिवळे, लाल ठिपके होते. त्याची आई, उमादेवी काकू, पहाटे वर येऊन गेली होती. एवढी रांगोळी हळदीकुंकवावाचून पडलेली तिला बघवली नव्हती.

“राहू दे की, मल्ल्या. व्हिडिओत कुणाला दिसत न्हाई,” मी म्हणालो.

“रोबोटला दिसायलंय ना.”

काकू पुन्हा वर आल्या तेव्हा त्याने त्यांना सांगितलं, की ध्रुवावर कुंकू टाकायला कुणी नसतं.

“मग तू गेल्यावर टाक,” काकू म्हणाल्या.

आईसमोर कुंकू पुसायला त्याचा हात धजेना. शेवटी नवं पोतं फोडून त्याने सगळं झाकलं. दुपारभर लॅपटॉपवर काहीतरी बदललं. संध्याकाळी रोबोट निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. हललाच नाही. मल्लिनाथने तोच व्हिडिओ पाठवला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बाकीच्यांचे रोबोट पोचले, तुमचा का थांबला, असं त्यांनी विचारलं.

“दिसेना झालं, मॅडम,” तो म्हणाला. “न बघता पुढं गेला तर बर्फाच्या भेगेत जाईल.”

मग बाईंनी मुलाखतीची तारीख सांगितली.

मुलाखत पुण्यात आहे, ऐन मे महिन्यात. मल्लिनाथ कालपासून स्वेटर शोधतोय.