शेवंताने परत ओवलेल्या वाट्या

परवा राहुरीहून फोन आला, शेवंता गेली. काल दिवसभर देवापुढे नुसती बसून होते... जप काही झाला नाही.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. हे तिकडच्याच एका साखर कारखान्यात होते. नणंदेच्या लग्नासाठी कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढलेलं. जामीन होते शेजारच्या खोलीतले विठोबा भाऊजी, म्हणजे शेवंताचे मालक.

वर्षाच्या आत ह्यांना क्षय निघाला. नगरला दवाखान्यात ठेवलं आणि बिनपगारी रजा सुरू झाली.

मी पै-पैचा हिशेब लिहिणारी. गुरुवारच्या उपासाला सोमवार जोडला, चहा बंद केला, कसेबसे दोन हप्ते भरले... तिसरा काही जमला नाही. तो भाऊजींच्या पगारातून कापला गेला.

त्यानंतर शेवंता नळावर दिसली की मी रिकामी घागर घेऊन माघारी फिरायची. शेवटी एका शनिवारी देवापुढे बसून मंगळसूत्रातल्या सोन्याच्या दोन वाट्या काढल्या, गळ्यात नुसते काळे मणी ठेवले. वाट्या तिच्यापुढे नेऊन ठेवल्या. "एवढ्या मोड गं, पण भाऊजींचा पगार..."

"नवरा जिता हाय ना तुजा?" ती कडाडली. "आन् आमी जामीन ऱ्हायलो ते काय सहीची हौस म्हणून व्हय? लई शिकलेली ना तू, मॅट्रिक! मग तोंड काय लपवतीस? अर्ज लिव्ह की!"

बोलता बोलताच तिने वाट्या परत ओवल्या... आणि माझ्या मानेमागे गाठ घट्ट मारली.

सोमवारी तीच मला पतपेढीत घेऊन गेली. पगार सुरू होईपर्यंत हप्ता निम्मा करावा, असा अर्ज दिला. "आजारपणात सवलत असते, ताई. आधी का नाही आलात?" सेक्रेटरी म्हणाले. असं काही मागता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

निम्मा हप्ता शेवया-पापड विकून भागू लागला. पगार मात्र पुन्हा सुरू झालाच नाही... संक्रांतीनंतर हे गेले. कर्ज मी पुढे सावकाश फेडलं, भाऊजींचा तो हप्तासुद्धा.

दर रविवारी दवाखान्यात गेले की हे आधी माझ्या गळ्याकडे बघायचे, मग बोलायचे. विचारलं कधीच नाही. शेवटच्या रविवारी बोलायची ताकद नव्हती, तरी आधी तिकडेच पाहिलं...

वाट्या जागेवर होत्या. शेवंते, तुझ्यामुळे गं.