दहावी कोंबडी

बाबांनी कर्ज काढून जुना टेम्पो घेतला आणि आमच्या घरी देवाचा वाटा आणि टेम्पोचा हप्ता यांच्यात चुरस लागली. कमाईतला दशांश आधी चर्चमध्ये द्यायचा, हा आईचा हट्ट. बाबांचं म्हणणं साफ होतं: देव थांबतो, फायनान्सवाला थांबत नाही, हप्ता चुकला की टेम्पो ओढून नेतो. नेकनूरहून बीडला भाजी पोचवण्यावरच आमचं पोट होतं, त्यामुळे मी मनातून बाबांच्या बाजूची. तोंडानं मात्र आईच्या, कारण स्वयंपाक ती करायची.

निवाड्याला आमच्या चर्चच्या पाळकांना जेवायला बोलावलं. ते बिचारे कात्रीत सापडले. द्या म्हणावं तर बाबांचं तोंड वाकडं, नको म्हणावं तर स्वतःच्याच पगाराला चाट. त्यांनी रस्सा ओरपत ‘मनापासून द्या’ असा निकाल दिला आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. शेवटी तडजोड झाली. कर्ज फिटेपर्यंत रोख बंद, पण आईनं वाढवलेल्या दहा कोंबड्यांतली एक कापणीच्या सणाला चर्चमध्ये द्यायची.

बाबांनी मोठ्या मनानं लंगडी कोंबडी पुढे केली. आईनं ती बाजूला सारून ठिपक्यांची उचलली. ही बया रोज टेम्पोत शिरून ड्रायव्हरच्या सीटवर अंडं घालायची. बाबा तिला रोज शिव्या द्यायचे आणि रोज तिच्यासाठी काच उघडी ठेवायचे.

सणाला उपासना झाली की अर्पणांचा लिलाव होतो. भोपळे गेले, ज्वारी गेली आणि ठिपक्यांची तीनशेवर अडकली. बोली होती मांजरसुंब्याला ढाबा असलेल्या एका काकांची. तिचं पुढे काय होणार, हे सांगायला संदेष्टा नको होता. हाताची घडी घालून बसलेले बाबा एकदम म्हणाले, “साडेतीनशे.” लोकांना वाटलं, माणसाला भक्तीचं भरतं आलंय. बाबांना जास्त आशीर्वाद मिळावा म्हणून सगळ्यांनी मिळून बोली चढवली. कोंबडी नऊशेला बाबांची झाली. खिशात मंगळवारच्या हप्त्याचे पैसे होते, त्यातलेच गेले. बायकांच्या बाजूला आई तोंडात पदर कोंबून हसत होती.

मंगळवारी वसुलीवाला दारात आला तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. बाबा टेम्पोची किल्ली मुठीत धरून उभे होते. आई आत गेली आणि पिठाच्या डब्यातून एक पुडी घेऊन आली. शिवणकामातला दशांश ती गुपचूप बाजूला काढत होती, कर्ज फिटल्यावर एकदम द्यायला.

“अगं, ते देवाचे हायत,” बाबा म्हणाले.

“देवाचे तुमी रविवारीच देऊन टाकले,” आई म्हणाली. “हे आता टेम्पोचे.”

मला त्या क्षणी दोघांचाही फार लोभ वाटला. वसुलीवाला गेल्यावर बाबांनी किल्ली खिशात टाकली आणि जाऊन टेम्पोची काच खाली केली.